कोरा पुरुषांची, गाणं बायकांचं: मग लेकीला शिकवायचं की नाही?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण हाच प्रश्न एकेकाळी मलाही फार छळायचा. तुमची लेक १४ वर्षांची आहे, यूट्यूबवर कोरा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं ते तंतुवाद्य, ऐकून वेडी झालीये, शिकायचं म्हणतेय, आणि ओळखीतल्या एका जाणकारांनी सांगितलं की आफ्रिकेच्या परंपरेत हे वाद्य बायका वाजवत नाहीत, गाऊन इतिहास सांगणं हे पण पुरुषांचंच काम, मग आपण परक्यांनी मुलीला त्यात घालायचं म्हणजे त्या लोकांचा अपमान होत नाही का. आणि शेवटी विचारलंय की आता सगळं बदललंय म्हणतात ते कितपत खरं.

शिकवा. बिनधास्त शिकवा. पण त्या जाणकारांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं जे आहे ना ते समजून घेतल्याशिवाय मुलीला नुसती कोरा हातात देऊ नका एवढंच माझं सांगणं. मी वीसेक वर्षं यात आहे, गांबियात राहून शिकले, अजून जाते, इथे शिकवते, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी 'आफ्रिकेत असं असतं' हे वाक्य सोडून द्या. ५४ देश आहेत, एका गावात जे पुरुषाचं काम ते पुढच्या मुलखात बायकांचं. कोरा हे मांदे लोकांचं वाद्य, म्हणजे माली, गिनी, गांबिया, गिनी-बिसाऊ आणि सेनेगलचा दक्षिण भाग या पट्ट्यातलं. तिथे गाणं-सांगणं हा जन्माने आलेला धंदा आहे. गांबियात त्यांना जाली म्हणतात, मालीत जेली, फ्रेंच राजवटीत ग्रिओ हा शब्द रुळला तो जगभर गेला. बाई असेल तर जालीमुसो किंवा जेलीमुसो, मुसो म्हणजे बाई. आडनावावरून ओळखू येतात, कुयाते, जाबाते, सिसोको, सुसो, कोंते. घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवणं, लग्न-बारशाला उभं राहून कुळाची कीर्ती सांगणं, दोन घरांत भांडण झालं तर मध्ये पडून मिटवणं, हे सगळं यांच्याकडे. नुसते गायक-वादक म्हणून यांच्याकडे बघाल तर निम्मं काम सुटतं.

या धंद्याच्या तीन फांद्या आहेत: बोलणं, वाजवणं आणि गाणं. बोलणं म्हणजे इतिहास, वंशावळ, युद्धाच्या कथा, हे लयीत पण बोलल्यासारखं म्हणायचं, गांबियात याला सातारो म्हणतात. वाजवणं म्हणजे कोरा, बालाफोन (लाकडी पट्ट्यांवर ठोकून वाजवायचं वाद्य), न्गोनी (छोटं तंतुवाद्य). आणि गाणं म्हणजे दोन्किलो, चालीत बांधलेली पदं. बोलणं आणि वाजवणं पुरुषांचं, गाणं मुख्यतः बायकांचं. आता हे वाचून लगेच वाटतं की बघा, महत्त्वाचं सगळं पुरुषांनी ठेवून घेतलं आणि बायकांना गाणं दिलं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि ते वाटणं कसं गेलं ते सांगते.

मी गांबियातल्या ब्रिकामाला पहिल्यांदा गेले तेव्हा गुरुजींच्या अंगणात पहिल्याच दिवशी कोराकडे हात केला. गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या थोरल्या बायकोने माझ्या हातात एक वीतभर लोखंडी नळी आणि बारीक सळई दिली. याला नेओ म्हणतात, सरळ अर्थ लोखंड. बायकांचं वाद्य. टिण टिण वाजवत बसायचं. मला मनातून फार लागलं, म्हटलं एवढे पैसे जमवून, घरच्यांशी भांडून इथे आले ती काय सळई आपटायला? तीन आठवडे तेच चाललं. मग एका संध्याकाळी घरातल्या दोन पोरांची कोरा रंगात आली आणि लय हळूहळू पुढे पळायला लागली, गुरुजी पण त्यांच्याबरोबर वाहवत गेले, तेव्हा त्याच थोरल्या आईंनी काही न बोलता नेओचा एकच ठोका असा कडक दिला की तिघांचे हात जागेवर आले. चाळीस वर्षं कोरा वाजवलेला माणूस बायकोच्या सळईकडे बघून लय पकडतो हे मी डोळ्याने पाहिलं. आपल्याकडे भजनात टाळकरी चुकला तर अख्खं भजन कोसळतं, तसंच. त्या दिवसानंतर मी नेओबद्दल तक्रार केली नाही, आणि आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, आधी दोन महिने नेओच देते.

दुसरी गोष्ट त्याच मुक्कामातली. एका घरी बारसं होतं, तिथे त्याला कुल्लियो म्हणतात, आठव्या दिवशी बाळाचे केस उतरवतात आणि नाव ठेवतात. नाव मोठ्या आवाजात जाहीर केलं ते पुरुष जालीने. ते झालं, चार आशीर्वाद झाले, संपलं. मग दुपारी बायका उठल्या आणि पुढचे तीन तास मांडव त्यांचा. आमच्या आई एका पाहुणीसमोर उभ्या राहिल्या, तिचं माहेरचं आडनाव घेतलं, मग तिच्या आजीचं नाव, मग आजीच्या भावाने कुठल्या दुष्काळात कुणाच्या घरी धान्य पोचवलं होतं ते, आवाज वर चढत गेला, ती पाहुणी आधी हसत होती, मग हसणं थांबलं, डोळे भरले, तिने पर्समधल्या नोटा काढून आईंच्या हातात ठेवल्या, मग गळ्यातली ओढणी पण दिली. कोरावाले मागे बसून वाजवत होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. त्या रात्री दलासी, म्हणजे तिथले पैसे, मोजायला बसले सगळे तेव्हा आईंचा वाटा गुरुजींच्या दुपटीहून जास्त होता, आणि वाटणी पण त्याच करत होत्या.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय की या परंपरेत बाईची जागा कुठे आहे हे बघायचं असेल तर वाद्य कुणाच्या मांडीवर आहे एवढंच बघून चालत नाही. आमंत्रण कुणाच्या नावाने येतं, दान कुणाच्या हातात पडतं, आणि पोरांना पाठ कोण देतं, हे तीन बघायचे. तिसरं तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण जालींची लग्नं जालींमध्येच होत आली आहेत, म्हणजे घरात येणारी सून पण जालीचीच लेक, ती माहेरची गाणी सासरी घेऊन येते आणि पोरं पाळण्यात असल्यापासून तीच गाणी ऐकतात. मुलगा कोरा शिकतो बापाकडे किंवा मामाकडे पण त्याच्या कानात चाली आईच्या असतात.

ही वाटणी जुनी किती? मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ साली मालीच्या सुलतानाच्या दरबारात पोचला होता. हा तोच इब्न बतूता बरं का, जो त्याआधी दौलताबाद, नंदुरबार बघून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की सणाच्या दिवशी दुघा नावाचा दुभाष्या येतो, खुर्चीवर बसतो, बांबूसारख्या पट्ट्यांचं आणि खाली छोटे भोपळे लावलेलं वाद्य वाजवतो, सुलतानाच्या लढाया आणि पराक्रम गातो, आणि त्याच्या बायका आणि दासी चांगले कपडे घालून, डोक्याला सोन्याचांदीच्या पट्ट्या बांधून त्याच्याबरोबर गातात. वाद्य म्हणजे आजचा बालाफोनच. मग सुलतान त्याला सोन्याच्या भुकटीने भरलेली थैली देतो. पुरुष वाजवतोय, बायका गातायत, पावणेसातशे वर्षांपूर्वी. फरक फक्त एक, तिथे थैली दुघाच्या हातात पडली. आणि माझ्या मते गेल्या शंभरेक वर्षांत जे बदललं ते मुख्यतः हेच, थैली कुणाच्या हातात पडते ते.

ते कसं बदललं ते सांगण्याआधी सुंजाताबद्दल थोडं, कारण तुमच्या जाणकारांचा मुद्दा तिथूनच येतो. सुंजाता केइता हा १३ व्या शतकात माली साम्राज्य उभं करणारा राजा, त्याची गाथा म्हणजे जालींच्या बोलण्याचा कळस. ती पुरुष सांगतो. समोर किंवा शेजारी एक जण बसलेला असतो, प्रत्येक ओळीनंतर तो 'नामू' म्हणतो, म्हणजे होय, खरंय. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी 'जी जी' करतात ना, अगदी तसं. हा नामू म्हणणारा पण पुरुषच. मग बाई कुठे? ऐकत राहा. कथा एका वळणाला येते, राजपुत्राला लहानपणी चालता येत नसतं, त्याच्या आईला सवत बाओबाबच्या पानांवरून टोमणा मारते, आणि तो पहिल्यांदा उभा राहतो, इथे बोलणं थांबतं आणि सांगणाऱ्याची बायको गायला लागते. प्रसंग पुरुष सांगतो, पण ज्या पदावर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो ते पद बाईच्या गळ्यातून येतं. आणि कथेत पण बघा, आई सोगोलोन नसती तर हा पोरगा उभा राहिला नसता, आणि बऱ्याच जणांच्या सांगण्यात शत्रूचं मर्म काढून आणते ती सुंजाताची बहीणच, की पांढऱ्या कोंबड्याच्या पायाच्या नखीने तो मरेल. पुरुषांनी सांगितलेली गाथा पण बायकांशिवाय एक पाऊल पुढे सरकत नाही.

बाईने सुंजाता गायलाच नाही असंही नाही. मालीत केला नावाचं गाव आहे, कांगाबाच्या जवळ, तिथले जाबाते म्हणजे या विषयातले शेवटचा शब्द मानले जातात, त्याच गावच्या सिरामोरी जाबाते. १९८९ साली त्या वारल्या. त्यांनी सुंजाताची गाथा गाण्यातून सांगितली, ती ध्वनिमुद्रित झाली, आणि गावातले मोठमोठे पुरुष जेली त्यांचा शब्द मानायचे. अशा अधिकारी गायकाला न्गारा म्हणतात, म्हणजे सिद्ध झालेला, ज्याच्या बोलण्यात वजन आहे असा, आणि ही पदवी बाईला मिळते, पूर्वीपासून मिळते.

आता बदल. माली १९६० साली स्वतंत्र झाला, सरकारने राष्ट्रीय वाद्यवृंद काढला, राजधानी बामाकोच्या रेडिओवर जेलींना बोलावणं व्हायला लागलं. आणि रेडिओने काय केलं तर चार तासांचं बोलणं बाजूला पडलं आणि आठ-दहा मिनिटांचं गाणं पुढे आलं. जुन्या भाषेतली वंशावळ रेडिओवर कोण चार तास ऐकणार, शिवाय बोललेल्या इतिहासात कुणाच्या पणज्याने कुणाचं राज्य घेतलं असली नावं येतात, नव्या देशात ती सगळ्यांनाच अडचणीची. गाणं मात्र सगळ्यांना चालतं. आणि गाणं कुणाचं? बायकांचं. मग कॅसेट आल्या. त्यात भर म्हणजे शहरातली लग्नं, बामाकोत रविवारी रस्त्यावर मांडव घालून लग्नं लागतात, तिथे मांडव बायकांचा असतो, यजमानीण बाई, पाहुण्या बायका, दान देणाऱ्या बायका, मग बोलावणार पण बाईलाच. राजदरबार पुरुषांचा होता, तो गेला, आणि काम जिथे सरकलं तिथे बायका आधीपासून उभ्या होत्या.

बघता बघता जेलीमुसो देशाच्या सर्वात मोठ्या स्टार झाल्या. फान्ता दांबा १९७५ साली स्वतःच्या नावावर युरोपचा दौरा करून आल्या, असं करणाऱ्या त्या पहिल्या जेलीमुसो. फान्ता साको यांनी प्रेमाची गाणी आणली, म्हणजे कुणाच्या खापरपणज्याची स्तुती नाही, सरळ 'जिवलगा' म्हणणारी, त्यावरून जुन्या लोकांची किती आदळआपट झाली असेल याची कल्पना करा. मग ताता बांबो कुयाते, आमी कोइता, आणि कीता गावच्या कांजा कुयाते, ज्यांना लोक 'धोकादायक' म्हणायचे, कारण त्यांनी एकदा तुमच्या कुळाची स्तुती सुरू केली की अंगावरचं सगळं देऊन टाकाल अशी त्या गाण्याची ताकद. २००४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, वाचाच गेली, दहा वर्षं गाणं बंद, आणि २०१५ मध्ये पुन्हा अल्बम आला. आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरलेला, जाड. मला तो जास्त आवडतो, तुम्ही ऐकाल तेव्हा लेकीला दोन्ही काळातला आवाज ऐकवा.

यात नवऱ्यांचं काय झालं हे कुणी लिहीत नाही. पूर्वी बायको नवऱ्याबरोबर जायची, आता नवरा बायकोबरोबर जायला लागला. न्गोनी किंवा गिटार घेऊन मागे बसायचं, तिला कुठे श्वास लागतो ते ओळखून तान सोडायची, गाडी ठरवायची, हिशोब ठेवायचा. काहींना ते जमलं, काहींच्या घरात खूप कडवटपणा आला. मला भेटलेला एक न्गोनीवाला म्हणाला होता, मला गावात आता माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही, अमकीचा नवरा म्हणतात. तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता, पण सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसला.

म्हातारे जेली म्हणतात की बायकांचं स्टार होणं वाईट झालं, खोल विद्या मागे पडली, पैसे देणाऱ्याची स्तुती तेवढी उरली. यात तथ्य आहे, लांब गाथा सांगू शकणारी तरुण मुलं कमी होत चाललीयेत हे मी स्वतः बघतेय. पण त्याचा दोष बायकांवर टाकणं मला मुळीच पटत नाही. ऐकणारे उठून गेले म्हणून सांगणारे कमी झाले. बायकांनी उरलेलं घर सावरलं.

आता कोराबद्दल, कारण लेकीचा प्रश्न तो आहे. गाण्यात बायका एवढ्या वर गेल्या तरी वाद्याचं दार मात्र फार उशिरा किलकिलं झालं. का वाजवायचं नाही, याची मला तिथे चार वेगवेगळी कारणं ऐकायला मिळाली. कुणी म्हणालं वाद्यात न्यामा असतो, म्हणजे एक प्रकारची शक्ती, ती बाईला, पोटातल्या पोराला बाधते. कुणी म्हणालं कोरा दोन पायांच्या मध्ये धरून बसावं लागतं, ते बाईला शोभत नाही. कुणी म्हणालं बाईला घरकाम, रोज पाच-सहा तास रियाज कुठून करणार. आणि एका म्हातारबाबांनी सरळ सांगितलं की बायकांना गाणं पण येतं, वादन पण दिलं तर आम्ही काय करायचं. मला हे शेवटचंच सगळ्यात प्रामाणिक वाटलं.

सोना जोबार्ते यांचं नाव तुमच्या लेकीने ऐकलंच असणार. १९८३ चा जन्म, लंडनचा, आजोबा गांबियाचे नामांकित कोरावादक अमादू बानसांग जोबार्ते. जोबार्ते आणि मालीतलं जाबाते हे एकच आडनाव बरं का, इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या स्पेलिंगने दोन झालं. जाली घराण्यातून येऊन व्यावसायिक पातळीवर नाव कमावलेली पहिली स्त्री कोरावादक म्हणून जग त्यांना ओळखतं. बातम्यांत हे सगळं 'एकटी मुलगी परंपरेशी लढली' अशा थाटात येतं. पण नीट बघा, लहानपणी त्यांना भावाने शिकवलं, मोठेपणी वडिलांनी पुढचं शिक्षण दिलं. वडील सानजाली जोबार्ते 'हो' म्हणाले ही त्या गोष्टीतली फार मोठी घटना आहे. मालीत मादिना एन्जाये यांना वाट दाखवली तुमानी जाबाते यांनी, म्हणजे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोरा आहे अशा माणसाने. सेनेगलमधल्या डाकारला बघा, तिथे वोलोफ लोकांचा साबार ढोल पुरुषांचाच, आणि त्यांचे सगळ्यात मोठे उस्ताद दूदू एन्जाय रोझ यांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या लेकी आणि सुना घेऊन बायकांचं ढोलपथक उभं केलं. लोक नाराज झाले, पण उस्तादाला कोण बोलणार? बाहेरून कुणी दार ठोठावून ते उघडलं असं मला एकाही ठिकाणी दिसलं नाही. कान सोनारानेच टोचले. आणि डाकारचीच अजून एक गोष्ट, तिथे बायकांचा तास्सू नावाचा प्रकार आहे, ढोलाच्या तालावर भराभर म्हटलेले चटपटीत बोल, लग्नात सासूला टोमणे, सवतीला टोले, आता तिथले रॅप करणारे पोरगे सांगतात की आमचं रॅप तास्सूमधून आलंय. म्हणजे बायकांचं सांगणं पुरुषांनी उचललं, हा उलटा प्रवास पण होतो, त्याची बातमी होत नाही इतकंच.

मांदे मुलखात बाई-पुरुष या रेघेपेक्षा दुसरी रेघ जास्त जाड आहे, ती जन्माची. जाली घराण्यात जन्म आहे की नाही. मालीचा गायक सालिफ केइता घ्या, सुंजाताच्याच कुळातला, राजघराण्याचा पुरुष, तो गायला लागला तर घरात गहजब झाला, कारण राजाने स्तुती ऐकायची असते, करायची नसते. पुरुष असून उपयोग नाही. उलट गायिका उमू सांगारे, १९६८ चा जन्म, बाई, पण मालीच्या दक्षिणेकडच्या वासुलू भागातली, तिथे जन्माने गायक होण्याची अटच नाही, ज्याला गळा आहे तो गातो, अशा गायकाला कोनो म्हणजे पक्षी म्हणतात. त्यामुळे त्या कुणाच्या कुळाची स्तुती गायला बांधलेल्या नव्हत्या, आणि अगदी सुरुवातीपासून बहुपत्नीत्वावर, जबरदस्तीच्या लग्नांवर उघड गायल्या. जेलीमुसोला हे इतकं उघड गाणं अवघड, कारण जिचं पोट यजमानावर आहे ती यजमानाच्या चार लग्नांवर कशी बोलणार. म्हणून लेकीबद्दल सांगायचं तर ती मुलगी आहे ही अडचण आता फारशी राहिली नाही, ती जाली नाही हा खरा विचार करायचा मुद्दा आहे, त्यावर शेवटी येते.

बाकी आफ्रिकेचं थोडं सांगते. दक्षिण आफ्रिकेत खोसा लोकांत इम्बोंगी असतो, राजासमोर भाला घेऊन, कातडं पांघरून, घोगऱ्या आवाजात स्तुती करणारा, आणि गरज पडली तर राजाला चारचौघांत सुनावणारा. हे पुरुषाचं काम, बायकांकडे गोष्टी सांगणं. तिथे पहिली फट पाडली वर्तमानपत्राने. नोन्तसिझी म्गक्वेतो नावाच्या बाईंनी १९२० ते १९२९ या काळात जोहान्सबर्गच्या 'उमतेतेली वा बान्तू' या पत्रात शंभराच्या आसपास कविता छापल्या, थेट इम्बोंगीच्या थाटात. राजासमोर भाला घेऊन उभं राहायला बाईला जागा नव्हती, छापील पानावर होती. आज जेसिका म्बांगेनी यांच्यासारख्या बायका मोठ्या जाहीर समारंभांत इम्बोंगी म्हणून उभ्या राहतात.

नायजेरियातल्या योरुबांमध्ये तर उलटंच दिसतं, कुळाची स्तुती, त्याला ओरिकी म्हणतात, ती म्हणण्यात बायकाच वस्ताद. गंमत अशी की घरात आलेली सून सासरच्या कुळाच्या ओरिकी शिकते आणि म्हणते, म्हणजे ज्या घराची ती जन्माने नाही त्या घराची आठवण तीच जपते. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी मुलगी आई-वडिलांसमोर, नातेवाइकांकडे जाऊन रडत रडत पदं म्हणते, रारा इयावो, त्यात माहेरचं कौतुक असतं, सासरची धास्ती असते. शहरात हे आता मागे पडलंय, मुली नोकरी करून स्वतःचं स्वतः लग्न ठरवतात, मग ते रडणं कुठे बसणार, आता ते जास्त करून स्टेजवर ऐकायला मिळतं. शिकार करणाऱ्यांच्या पदांचा 'इजाला' हा प्रकार मात्र पुरुषांचा.

आणि आपल्या मुंबईशी जोडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. झांझिबारला ताराब म्हणून गायकी आहे, छंदात बांधलेल्या कविता वाद्यवृंदासोबत गायच्या. पूर्वी ती सुलतानाच्या दरबारातली, अरबी भाषेतली, पुरुषांची. सीती बिंती साद, जन्म १८८० च्या सुमाराचा, गुलाम आई-बापांची लेक, फुंबा गावची, मडकी विकत फिरायची. ती शहरात आली, गायला लागली, स्वाहिलीत गायला लागली, आणि १९२८ साली बोटीने मुंबईला येऊन तिने एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केलं. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरला तो आपल्या मुंबईत. एका गरोदर बाईच्या खुनाबद्दल आणि कोर्टात झालेल्या अन्यायाबद्दल तिचं गाणं आहे, म्हणजे दरबारी स्तुतीची कविता या बाईने साक्षीला उभी केली. बिचारीला रूपावरून, गरिबीवरून हिणवणारी गाणी पण लोकांनी केली होती. १९५० साली ती वारली, तोवर तिच्या मागे बायकांची एक अख्खी रांग गायला उभी राहिली होती.

आता लेकीचं. कोराला २१ तारा असतात, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्या चारच बोटांनी वाजवायची, उरलेल्या बोटांनी दांड्या धरायच्या. पूर्वी तारा कातड्याच्या असायच्या, आता मासेमारीची नायलॉन दोरीच वापरतात. पारंपरिक कोराला कातड्याच्या कड्या सरकवून सूर लावतात, त्यात १४ वर्षांच्या मुलीचे हात सोलून निघतील, तेव्हा तिला गिटारसारख्या खुंट्यांची कोरा घेऊन द्या, तिकडे पण आता तरुण लोक तीच वापरतात. मुलगी म्हणून शिक्षक नाही म्हणेल याची भीती नको. गेल्या वेळी मी ब्रिकामाला गेले तर गुरुजींची नात, नऊ वर्षांची, आजोबांच्या कोरावर बसली होती आणि थोरल्या आई शेजारी नेओ वाजवत तिला लय देत होत्या, ज्यांनी मला पहिल्या दिवशी हात लावू दिला नव्हता त्याच. मी विचारलं, हे कसं काय? त्या म्हणाल्या, ही आमच्या घरची आहे, आणि आधी माझ्याकडे गाणं शिकलीये.

तर लेकीला पण त्याच क्रमाने न्या. आधी नेओ, मग बायकांची चार गाणी तोंडपाठ, त्यातले शब्द कुणाबद्दल आहेत ते समजून, मग कोरा. ऑनलाइन शिकवणारे गांबियाचे, सेनेगलचे शिक्षक मिळतात, शक्यतो जाली घराण्यातलेच बघा आणि फी घासाघीस न करता द्या, हे त्यांचं पोट आहे. घरातल्या बाईला पण शिकवाल का असं विचारा, बहुतेक वेळा ती शेजारीच बसलेली असते आणि आजपर्यंत तिला कुणी विचारलेलं नसतं, तिची फी वेगळी द्या. लेकीने स्वतःला कधी जाली म्हणवून घेऊ नये, शिकणारी म्हणावं, आणि कुणाच्या कुळाची स्तुती पैसे घेऊन गाऊ नये, ती त्यांच्या जन्माची जागा आहे. एवढं पाळलं तर अपमान होत नाही, उलट फार प्रेम मिळतं, हे मी अनुभवाने सांगतेय.

पहिली चीज शिक्षक 'केलेफाबा' देतील, गांबियात बहुतेक सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. सोपी वाटते, पण अंगठ्यांची चाल बसायला महिना जातो. तेवढा महिना तिला घाई करू नका.